उशिराचा रकाना

ग्रिम्सबीच्या शाळेत मी जेवणाच्या सुट्टीतली बाई.
पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी,
खिशात टिश्यू, प्लास्टर आणि मोजून दिलेल्या सात गोट्या.
कुणी चांगलं वागलं की एक बरणीत टाकायची.
बरणी भरली की वर्गाला पॅनकेक.

नियम सोपा आहे, मिसेस ऑल्डरसन म्हणाल्या.
ओरडायचं नाही. वाईटाकडे काणाडोळा.
चांगलं दिसलं की लगेच बोलायचं,
नाव घेऊन, मोठ्यांदा.
मी मान हलवली.
आमच्या शाळेत नाव घेतलं की पोटात गोळा यायचा,
हे नाही सांगितलं.
पानसे गुरुजी आम्हाला अंगठे धरायला लावून
खिडकीतून ओढ्यावर बैल धुणारी माणसं बघत बसायचे.
सबंध चौथीत एकदाच त्यांचा हात माझ्या पाठीवर पडला
शाबासकीसाठी.
पोलक्यावर खडूचा पंजा उठला.
आईनं ते पोलकं दोन दिवस धुतलं नाही.

इथे मुलांना हात लावायचा नाही. बरोबरच आहे ते.
पण थापेवाचूनची शाबासकी
मला अजून नीट बोलता येत नाही.
"छान बसलीस, ऑस्तेया." "छान थांबलास, कोरी."
बसण्याला छान म्हणताना आधी हसू यायचं,
आता जिभेला वळण पडलंय.
परवा नवऱ्याला म्हणाले, छान ऐकलंस.
तो चपापला. काय हवंय, म्हणाला.

लेनीसाठी मात्र एकही गोटी खिशाबाहेर आली नाही.
सात वर्षांचा. लाथ, थुंकी, दुसऱ्याची टोपी छपरावर,
आणि शिट्टी झाली की रोज सगळ्यात शेवटी आत.
वर्गाबाहेरच्या फळ्यावर, उशिराच्या रकान्यात,
त्याचं नाव पुसणंच सोडून दिलंय कुणीतरी.
चोरावर ठेवतात तशी मी त्याच्यावर पाळत ठेवली,
सोमवार, मंगळवार, बुधवार.
मुद्देमाल सापडेना.

गुरुवारी वारा असा की सीगल उलटे उडत होते.
बंदरावरून मासळीचा वास,
माझ्या माहेरचाच, फक्त गारठलेला.
शिट्टी वाजली. पोरं दाराकडे पळाली.
ते दार जुनं, लोखंडी, वाऱ्यात खाडकन मिटणारं.
सप्टेंबरात कुणाचं तरी बोट चेमटलं होतं त्यात.
आणि दाराच्या मागे, जिथे कुणाचं लक्ष जात नाही,
पाठ टेकून, टाचा रोवून,
लेनी.
रिसेप्शनची चिमुरडी त्याच्या काखेखालून आत जात होती.
चार. नऊ. अकरा.
एकानं त्याच्या पायावर पाय दिला.
तो हलला नाही. शिवी दिली, पण हळू.
शेवटचा दप्तरवाला गेल्यावर दार सोडून
तो निघाला,
उशिरा.

किती दिवस करतोयस हे?
खांदे उडवले. "ते बोट माझ्या बहिणीचं होतं."
मी गोटी चाचपली. नाव घेऊन, मोठ्यांदा...
तोंड उघडलं तोच तो म्हणाला,
"ओरडू नका ना, मिस."

मी कौतुक करणार होते.
त्याला फरक ठाऊक नव्हता.
पानसे गुरुजी, मला तरी कुठे होता.

गोटी त्याच्या तळव्यावर ठेवली, बोटाला बोट न लागता.
ती बरणीत गेली की खिशात,
मी पाहिलं नाही.

शुक्रवारी लक्षात आलं, दाराला दोन झडपा आहेत.
दुसरी मी धरली.
बोललो काहीच नाही. वारा कानात शिरत होता.
मग आत येऊन, फळ्यावर त्याच्या नावाखाली
मी माझं लिहिलं: वासंती.
"हे काय?"
माझं नाव. मीही उशिरा आलेय.
"वरची रेघ कशाला?"
अक्षरं धरून ठेवते ती.
तो जरा वेळ बघत राहिला.
मग बाहीला नाक पुसून
वर्गात गेला.